मंगळवारच्या मॅडम

प्रयोगशाळेतून काचेच्या नळ्यांचा ट्रे घेऊन निघालेले सर आणि शेजारच्या खोलीतून घाईघाईने बाहेर पडलेल्या समुपदेशक मॅडम यांची टक्कर व्हायची ती झालीच. नळ्या वाचल्या. सरांचा चेहरा मात्र गळ्यापासून कानांपर्यंत लाल झाला, आणि मुलं यांना 'लिटमस' का म्हणतात हे मॅडमना तिथल्या तिथे कळलं.

"सॉरी हं. लागलं का?"

"छे, छे! उलट... काल फार छान वाटत होतं ऐकायला."

"काल?"

"दुपारी. भिंत पातळ आहे ना. शब्द नाही कळत, पण—" लाल रंग आणखी गडद झाला. "बोलण्याची चाल कळते तुमच्या."

काल मंगळवार होता. मंगळवारी मॅडम गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत असत. एकच समुपदेशक दोन शाळांनी वाटून घेतलेली. तो आवाज माझा नव्हे, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. बरा दिसणारा माणूस लाल होऊन कौतुक करत असताना पत्ता चुकलाय हे कोण सांगतं? मॅडमनी दुसऱ्याचं कौतुक खुशाल पदरात पाडून घेतलं.

समुपदेशक म्हटलं की पालकांना वाटतं, ही बाई आपल्या पोराला चार शब्द सुनावणार. मॅडमचं काम नेमकं उलटं. पोराने सुनावायचं, यांनी ऐकायचं. परीक्षेच्या धास्तीने पोट दुखणारे, घरातल्या भांडणांनी झोप उडालेले, मित्रांनी वाळीत टाकलेले, सगळे त्या खोलीत येत. तोंडावर बोलवत नाही अशांसाठी त्यांनी मध्ये एक जाड निळा पडदा लावला होता. मूल अलीकडच्या खुर्चीत, मॅडम पलीकडच्या. जिवावर बेतण्यासारखं असेल तेवढंच बाहेर जाई. एरवी आतलं आत राही. मंगळवारीही खोलीला कुलूप नसे. कुणाला नुसतं शांत बसावंसं वाटलं तर बसावं, हा मॅडमचाच नियम.

टक्करीनंतर मधल्या सुट्टीतला चहा ठरूनच गेला.

"प्रयोग फसला की गुण कापता तुम्ही. पोरं थरथरत नळी धरतात, मग फसणारच ना!"

"मग काय, फसल्याबद्दल पाठ थोपटू?"

"थोपटा की! हाताला काय शेवाळ चढलंय?"

"मुख्याध्यापिकाबाईंना विचारून सांगतो," म्हणत सर हुबेहूब मुख्याध्यापिकांच्या आवाजात खाकरले आणि म्हणाले, "लिटमस सर, थोपटण्याचा अर्ज तीन प्रतींत द्या!" मॅडमच्या नाकात चहा गेला.

सगळं कसं गोड चाललं होतं. फक्त दर बुधवारी सर म्हणत, "काल आवाज थकलेला होता हं तुमचा," किंवा "काल फार हळू बोलत होतात..." मॅडम हसून विषय बदलत आणि ओढणी उगीचच गळ्याभोवती घट्ट करत.

मग एका शुक्रवारी नववीतली एक वेणीवाली आली. आज चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ.

"मॅडम, आईला सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात तसंच."

"काय म्हणाले होते मी?"

"मंगळवारी नाही का! एकदाच काय ते घाबरून घे, म्हणजे रोज घाबरावं लागणार नाही."

मॅडमच्या मानेवर गार बोट फिरल्यासारखं झालं. "मी... दिसले होते तुला?"

"दिसणार कशा? पडद्याआड होतात ना." मुलगी त्यांच्याकडे निरखून बघू लागली. "मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?"

मॅडम बऱ्या नव्हत्या. त्यांच्या नावावर, त्यांच्या पडद्याआडून, कुणीतरी मुलांशी बोलत होतं. आजवरचा सल्ला चांगला निघाला. उद्याचा निघाला नाही तर? काठावर उभ्या असलेल्या एखाद्या पोराला एक चुकीचा शब्दही पुरतो. आणि असा हुबेहूब आवाज काढणारा, भिंतीपलीकडेच बसणारा माणूस शाळेत एकच होता. तोच निघाला तर मुख्याध्यापिकांना सांगणं भाग होतं. त्याची नोकरी जाईल. आणि आपलं काय काय जाईल, याची बेरीज मॅडमनी अर्ध्यावर सोडली.

पुढच्या मंगळवारी दुसऱ्या शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या इकडे आल्या. दुपार होती, पण ढगांनी उजेड पार गिळला होता. बाहेर भुरभुर पाऊस. व्हरांडा रिकामा, वर्गांची दारं बंद, लाद्यांवर ओल्या चपलांचे ठसे. प्रयोगशाळेचं दार अर्धवट उघडं होतं. आत सर स्टुलावर बसले होते, डोकं भिंतीला टेकवून, डोळे मिटून... ओठांवर हसू.

ओठ हलत नव्हते.

चाहूल लागून त्यांनी डोळे उघडले. आणि त्या चेहऱ्याचा रंग आयुष्यात पहिल्यांदा लाल न होता पांढरा पडला.

"तुम्ही... इथे?"

"हो."

"मग आत कोण बोलतंय?"

मॅडमनी ऐकलं. शब्द कळत नव्हते. चाल कळत होती. त्या जिथे थांबतात तिथेच थांबणारी, त्या जिथे आवाज उतरवतात तिथेच उतरणारी.

म्हणजे हे नव्हेत! भुताची खात्री पटून इतकं हायसं वाटलेली जगातली ही पहिलीच बाई असावी. मग दोघं शेजारच्या दाराकडे निघाले. कुणी कुणाचा हात धरला यावर पुढे दोघांचं कधीच एकमत झालं नाही.

त्यांनी शेजारचं दार ढकललं. आवाज थांबला. वेणीवाली खुर्चीत बसली होती. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"अय्या! तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"तू... काय बोलत होतीस?"

"मी कुठे? तुम्हीच बोलत होतात. की मनातलं सांगायला तुम्हालाही भीती वाटते. एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ज्यांना सांगायची ते दाराशीच येतायत." तिची नजर धरलेल्या हातांवर गेली. "मी... जाऊ? तास आहे माझा." आणि चतुर पोरगी पसार झाली.

सरांनी धीर करून पडदा सारला. खुर्ची रिकामी होती. फक्त उशीवरचा बसल्याचा खळगा, आत्ताच कुणी उठावं तसा, सावकाश भरून येत होता.

"काय सांगायचं राहिलंय?" सरांनी अगदी हळू विचारलं.

"मंगळवारचा आवाज माझा नव्हता. कधीच नव्हता. तुम्ही कौतुक केलंत आणि मी... ठेवून घेतलं." मॅडमनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "तुम्हाला आवडली ती ही खुर्चीतली. मी नव्हेच."

सरांनी उशीकडे पाहिलं.

"मंगळवारी ऐकायला बरं वाटायचं," ते म्हणाले. "पण त्या आवाजाने कधी माझी खोडी काढली नाही. मी वाट बघायचो ती बुधवारची. चहाची... आणि भांडणाची."

"थांबा. आधी एक. त्या भिंतीला पुन्हा कान लावायचा नाही. शब्द कळोत न कळोत, मुलांचं आहे ते. मी खोली बदलून मागणार आहे."

"चुकलंच माझं. कबूल."

"आणि दुसरं..." मॅडमनी श्वास घेतला. "तुम्ही मला फार आवडता."

लिटमस पुन्हा लाल झाला.

त्यावर दोघांनी तिथून धूम ठोकायला हवी होती. पण मॅडमचा पाय निघेना. खळगा पुन्हा पडत होता, हळूहळू, दमलेल्या माणसाने बसावं तसा. इतक्या पोरांचं ऐकून घेतलं हिने. आणि या खोलीत जो कुणी येऊन बसेल त्याचं ऐकणं हेच तर मॅडमचं काम.

त्यांनी पडदा अलगद ओढून घेतला. "सर, तुम्ही बाहेर थांबा."

"एकट्या बसणार? हिच्याबरोबर?"

"वेळ लागेल कदाचित."

"लागू दे. थांबतो."

आणि ते थांबले. भिंतीपाशी नाही, व्हरांड्याच्या पार टोकाला, पावसाच्या आवाजात, जिथे आतलं अक्षरही पोचणार नाही तिथे.

मॅडम मुलांच्या खुर्चीत बसल्या. हात त्यांनी मांडीवर घट्ट धरले.

"बोला," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

मग पडद्याआडून, त्यांच्याच आवाजात, कुणीतरी चाचरत स्वतःबद्दल सांगायला सुरुवात केली.