साध्या पाण्याची रांग

भोकरदनहून धावड्याला निघालेल्या एसटीत बेबीनंदा चढली. हातात कॉफीच्या चाळीस इवल्या रोपांचा खोका, आणि उरलेल्या एकुलत्या सीटवर शेवग्याच्या पाल्याचा हा एवढा भारा ऐसपैस बसलेला. खिडकीशी बसलेल्या तरण्या गड्यानं घाईघाईनं भारा मांडीवर घेतला.

"एवढा पाला... कुणाला?" तिनं विचारलं.

"शेळ्यायला."

"मला द्याल? दर आठवड्याला?"

आता असल्या डोळ्यांनी विचारल्यावर बद्रीनाथ काय न्हाई म्हणतो! शेळ्यांचं त्याला पुढं आठवलंसुद्धा नाही.

बेबीनंदा तीर्थपुरीची, शेतीची पदविका झालेली. शेवग्याचा पाला वाटून गाळायचा, रस तीसपट पाण्यात मिसळून फवारायचा, की रोपं जोमानं वाढतात, असं तिनं एका मासिकात वाचलं होतं. धावड्याचे नर्सरीवाले अप्पाराव कर्नाटकची सहल करून आल्यापासून कॉफीनं झपाटलेले. त्यांनी तिला चार महिने दिले. वीस रोपांना रस, वीस रोपांना साधं पाणी. फरक दिसला तर नोकरी पक्की. न्हाई तर कॉफी बाहेर, मोसंबी आत आणि बेबीनंदा परत घरी, जिथं वडील स्थळं बघतच होते.

पाला पोचवायला येणारा बद्रीनाथ वाटायलाही थांबू लागला. हात कोपरापर्यंत हिरवे व्हायचे. ती हसायची, तो जास्तच जोरात वाटायचा. साध्या पाण्याच्या रांगेपाशी आली की मात्र ती हळहळायची, 'बिचारी, यांना नुसतंच पाणी...'

चार महिने सरले. अप्पारावांनी पट्टी लावली. दोन्ही रांगा वीतभर, अगदी बराबर! रसानं काही होत न्हाई, असं म्हणून त्यांनी पट्टी खिशात घातली. बेबीनंदाचे डोळे भरून आले.

"मालक, रस दोन्हीला मिळाला," दारातून बद्रीनाथ म्हणाला. "मॅडम डबा खायला गेल्या की मीच मारत होतो."

"का पण?" ती कडाडली.

"तुम्ही त्या रांगेपाशी आल्या की... तोंड उतरायचं तुमचं. मला न्हाई बघवलं."

अप्पाराव लालबुंद झाले, मग मिशीत हसले. आणखी चार महिने देतो म्हणाले, फक्त हा गडी नर्सरीत दिसता कामा नये.

बेबीनंदा त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. त्याला बदडावं की काय करावं, तिला कळेना. 

"चार महिने इथं फिरकायचं न्हाई," ती म्हणाली. "तीर्थपुरीला जायचं. माझ्या वडलांना सांगायचं, स्थळं बघणं बंद करा."

"आन् का म्हणून इचारलं तर?"

"तर... आत्ता मालकाला सांगितलं, तसंच खरं खरं सांगायचं."

गाडीला अजून तासभर होता. बद्रीनाथ थांब्याकडं पळत सुटला.