मानसिंगाच्या पाच सुऱ्या

कंदील जरा बारीक करा रे, डोळ्यांत जातोय. आणि बाळू, हसायचं असलं तर आताच हसून घे. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली न्हाय. गुरुलिंग फोटोवाला माझा दोस्त, त्याच्यावर गुदरलेली हाय. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. जन्मात एकदाच बोलला, ते त्या रात्री.

सन एकोणीसशे एकोणतीस, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. गुरुलिंग आपला कॅमेरा टांग्यात घालून सोलापुराहून देगावला गेला, एकनाथआबा घाडग्यांच्या घरी. आबांचा मुलगा मानसिंग मोठ्या लढाईत बसऱ्याला गेला आणि तिथंच बेपत्ता झाला. पलटणीतून त्याची ट्रंक तेवढी परत आली. माणूस बारा वर्षं आला न्हाय की काय करतात, ठाऊक हाय ना? दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. दुसऱ्या दिवशी अमावास्येला ते व्हायचं होतं. आणि मग मानसिंगाच्या बायकोचं, गोदावरीचं, कुंकू पुसायचं होतं.

मानसिंगाचा एकही फोटो नव्हता. आबा म्हणाले, त्याच्या वस्तूंचा तरी काढा. गडी लई हौशी, जाईल तिथली सुरी जमवायचा. एक तुर्की खंजीर, एक वाकडा अरबी जंबिया, गुरख्याची कुकरी, दोन संगिनी. पण ट्रंकेची किल्ली गोदावरीच्या कमरेला. ती दिवसभर देईना. दिवे लागले, सासऱ्यानं सुनेपुढं हात जोडले, तेव्हा कुठं तिनं ती भुईवर टाकली.

गुरुलिंगनं मोठी बत्ती पेटवली. खुर्चीवर खाकी डगला बसवला, त्यावर पट्टा, शेजारी टोपी न् पाण्याची बाटली. पुढं टेबलावर सुऱ्या मांडल्या. काळ्या कापडात डोकं घातलं. आणि फोटोवाल्याची जीभ ती, रोजच्या सवयीनं बोलून गेली, "बसा साहेब. मान वर. हलू नका."

त्या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, पोरांनो. डोकं खाली, पाय वर. गुरुलिंगला खुर्ची दिसली. डगला दिसला. डगल्याच्या गळ्यातून... मान.

तो बाहेर आला. खुर्चीत नुसता डगला.

पुन्हा आत गेला. काचेवर तोंड होतं. सावळं. पातळ मिशा. आणि ते कॅमेऱ्याकडं बघत नव्हतं. उंबऱ्यात उभ्या गोदावरीकडं बघत होतं.

"अय्यो शिवने..." कापडाआडून गुरुलिंगच्या तोंडून देवाचं नाव निसटलं.

तिनं ऐकलं. धावत आली आणि त्याचा हातच धरला. परक्या पुरुषाचा! पण तिला कुठली शुद्ध? "दिसले का? अण्णा, खरं सांगा! मेलेलं मानूसच असं दिसतंय न्हवं? दिसलं नसंल, तर त्ये जित्ते हायत. मग उद्या मी कुनाला कपाळाला हात लावू देनार न्हाय. सांगा की वो!"

तुम्ही काय केलं असतं, सांगा. गुरुलिंगचं काळीज तुटलं.

"कुणी न्हाय, अक्का. रिकामी खुर्ची हाय."

ती हसली रे. बारा वर्षांनी हसली. "ऐकलं न्हवं मामंजी?" म्हणत करंडा काढला, मेण लावून रुपयाएवढं कुंकू लावलं आणि परत उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

गुरुलिंगनं प्लेट घातली. भिंगाचं झाकण काढलं. मोजायला लागला. एक... दोन... तीन...

बत्ती फुरफुरली. मंदावली.

सात... आठ...

टेबलावर काहीतरी किणकिणलं. एकदाच.

दहा. झाकण लावलं. बत्ती आपोआप चढली. आबांनी सुनेकडं बघितलं.

"पोरी... तुझं कुंकू..."

कपाळ कोरं. ती जागची हललेली नव्हती. तिनं कपाळाला हात लावला, बोटं बघितली. बोटंही कोरी.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "तुमी खोटं बोलला व्हय?"



फोटो तसा बरा आला. खुर्ची, डगला, पाच सुऱ्या. माणूस न्हाय. पण त्या रात्री मधोमध मांडलेल्या संगिनीच्या पात्यावर ते कुंकू होतं, मेणासकट, अजून ओलं. त्यात अंगठा उमटला होता. गोदावरीनं आपला अंगठा त्यावर टेकवून बघितला. उमटलेला ठसा तिच्या अंगठ्याहून चारी बाजूंनी मोठा होता.