मेंढक्याचा दुसरा भाग

माहेरी जायला गौतमीला एरवी निमित्त लागत नसे. या खेपेला निमित्त होतं, आणि ते तिला नको होतं. धाकट्या भावाने, सूरजने, पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून तिच्या सासरी, दासगावला, शेजाऱ्यांकडे फोन केला होता. आई जेवत नाय, जितूदादा दारात येऊन बसतो म्हणते, तू ये, एवढं सांगून त्याने ठेवून दिला. गौतमीने सासूबाईंना, ठकूबाईंना विचारलं, पिशवीत औषधं नि पाव घातले आणि महाडला एसटी बदलून पोलादपूर गाठलं. तिथून उमरठच्या बाजूला जीप, मग वाडीची चढण पायी. चढताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

थोरला भाऊ जितेश जाऊन महिना उलटला होता. कशेडी घाटात दरड आली, तिच्याखाली सापडला. आणि कशापायी गेला होता म्हणाल, तर एका व्हिडिओ गेमपायी! लोक हसतील म्हणून घरच्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

वाडीत वीज आली त्याच साली जितेशने मुंबईहून तो गेम आणला होता. त्यातली एकच कॅसेट त्याच्या जिवाची. वरचं लेबल चिनी का जपानी, देव जाणे. आत एक बुटका मेंढका होता, पाठमोरा, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. डोंगरभर पांगलेली मेंढरं गोळा करून धुक्यातून घरी आणायची, एवढाच खेळ. धनगराच्या पोराला आणखी काय हवं? जितेश दिवसभर म्हशी राखायचा आणि सांजेला तेच काम टीव्हीत करत बसायचा. अंगाने हा एवढा आडदांड गडी, भिंतीला टेकून डावा पाय लांब पसरलेला. झाडावरून पडल्यापासून तो पाय त्याला दुमडता येत नसे. दुसरा रिमोट तो गौतमीच्या हातात द्यायचा आणि सांगायचा, मेंढरं तू चालवतेस गो. गेम एकट्यानेच खेळायचा होता हे तिला कितीतरी उशिरा कळलं, तोवर तिचं लग्न ठरलं होतं.

शेवटी सगळी मेंढरं जमली की मेंढका घराशी पोचायचा. दार बंद असायचं. तो पायरीवर बसायचा, अंधार व्हायचा, खाली परक्या अक्षरांची एक ओळ यायची. महाडच्या एका गेमवाल्याने सांगितलं की उरलेली गोष्ट दुसऱ्या भागात आहे. झालं, जितेशने त्या दुसऱ्या भागाचा ध्यासच घेतला. महाड पालथं घातलं, मुंबई पालथी घातली. जो तो म्हणे, असा भाग कधी निघालाच नाही, कंपनीच बुडाली. शेवटी कुणीतरी घाटापलीकडच्या खेडमधल्या एका दुकानाचं नाव सांगितलं. जाताना त्याने पिशवीत दुसरा रिमोट टाकला होता, हा भाग दोघांनी खेळायचा निघाला तर तोही तिथंच लावून बघू म्हणून. दरडीतून माणूस निघाला, पण पिशवी मिळाली नाही.

गौतमी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. अंबूबाई दाराआड बसली होती, गालांची हाडं वर आलेली. लेकीला बघून ती रडलीही नाही. तिने नुसतं बोट केलं. बाहेर पाऊस रिमझिमत होता, पायरी उघड्यावर, सगळी ओलीचिंब. मधोमध मात्र एक जागा कोरडी होती, कुणीतरी बसून आत्ताच उठावं तशी.

“रोज येतो,” अंबूबाई पुटपुटली. “दार उघडत नाय म्हणून परत जातो. उद्या अवस हाय. उद्या मी उघडणार... त्याच्याबरोबर जाणार.”

आईचा हट्ट गौतमीला ठाऊक होता. ही बाई म्हणाली तर खरंच जाईल, आणि पावसातल्या त्या कड्यांवर सापडायचीही नाही. तिने कंदील खाली नेला. कोरडी जागा ओंजळभर होती. जितेश असता तर अख्खी पायरी अडली असती. आणि लांब केलेला पाय कुठे होता? त्या जागेभोवती मात्र बारीक बारीक कोरडे ठिपके होते, खुरांएवढे.

“आई,” ती हळूच म्हणाली, “हा दादा नाय गो.”

आता त्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. घरातला गुराखी गेला की त्याने पाळलेल्या प्रत्येक जिवाला कानाशी जाऊन सांगायचं. माथ्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, धनी गेला, वाट बघू नको, आजपासून तुझा धनी मी. सांगितलं नाही तर जनावर वाट बघतं, चारा सोडतं, दाराशी येऊन बसतं. गौतमीने सूरजला बाजूला घेऊन विचारलं, सगळ्यांना सांगितलंस ना? म्हशींना सांगितलं, शेळ्यांना सांगितलं, कुत्र्यालाही सांगितलं, तो म्हणाला. गौतमी फळीकडे बघत राहिली. तिथं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गेम ठेवला होता. सूरजने तिची नजर ओळखली आणि तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी वीज नव्हतीच. अंबूबाईने सकाळीच नवं लुगडं नेसलं आणि ती दाराशी बसून राहिली. गौतमी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होती. दिवेलागणीच्या तोंडाला दिवा एकदाचा फडफडला. तिने घाईघाईने वायरी जोडल्या, कॅसेटला फुंकर मारली आणि बटण दाबलं.

खेळ नेहमी डोंगराच्या पायथ्यापासून सुरू व्हायचा. आज तसं झालं नाही. मेंढका आधीच पायरीवर बसला होता. दार बंद होतं, मेंढरं भोवताली उभी होती.

गौतमीने टीव्हीच्या काचेवर, मेंढक्याच्या माथ्यावर, तळवा ठेवला. काच पावसात ठेवल्यासारखी गार लागली.

“धनी गेला,” ती म्हणाली. “जितेश गेला रे. वाट बघू नको...”

जन्मभर ऐकलेले शब्द ते. जीभ सवयीने पुढे गेली.

“आजपासून तुझी धनीण मी.”

“ताई...” सूरज दबक्या आवाजात म्हणाला. “हे कशाला बोललीस?”

पडद्यावर मेंढका उठला. इतक्या वर्षांत न दिसलेलं तोंड त्याने वळवलं आणि तो बाहेर, तिच्याकडे, बघत राहिला. मग काठी उचलून चालू लागला. चित्र त्याच्याबरोबर सरकलं. डोंगराची उतरण आली, आणि खाली एक नदी दिसली. नदीचं ते वळण गौतमी रोज बघत होती. तिच्या सासरच्या परसामागचं, सावित्रीचं.

“दुसरा भाग...” सूरज म्हणाला, आणि वीज गेली.

त्या संध्याकाळी पायरी कडेपासून कडेपर्यंत ओली राहिली. अंबूबाईने स्वतः दार उघडलं, बराच वेळ बाहेर बघितलं आणि मग हंबरडा फोडला. गेला गो माझा जितू, म्हणत ती पोटभर रडली, आणि रात्री लेकीच्या हातची भाकरी जेवली. आई वाचली होती. गौतमीला एवढंच हवं होतं. उतरणीवरचं ते चित्र तिने मनातून ढकलून दिलं आणि ती दासगावला परतली.

दोन-चार दिवस बरे गेले. मग एका सांजेला ती चुलीपाशी असताना ओटीवरून ठकूबाईंची हाक आली. एवढा पाऊस लागलाय, मग पायरी मधे मधे कोरडी कशी गो, असं त्या विचारत होत्या.

गौतमी पीठभरल्या हातांनीच बाहेर आली. एका कडेला ओंजळभर कोरडी जागा होती, तिच्याभोवती खुरांएवढे ठिपके. दुसऱ्या कडेला मोठी जागा होती, आडदांड माणसाची, आणि तिथून खालच्या पायरीपर्यंत एक लांब कोरडा पट्टा गेला होता, डाव्या पायाचा. दोघांच्या मधली जागा ओलीच होती, एका माणसापुरती.

तिथं लाल मातीने माखलेला दुसरा रिमोट ठेवला होता. त्याची वायर अंगण ओलांडून, पावसातून, नदीकडे गेली होती, आणि ती ताणलेली होती.