सुटकेचा हुकूम

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही माझ्या सख्ख्या आत्याची हकीकत आहे, गेल्या हिवाळ्यातली.

आत्या निवृत्त शिक्षिका. घरात ती आणि खाटेला खिळलेले आजोबा, म्हणजे तिचे वडील. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांची वाचाच गेली होती. आजोबांना त्यांच्या आजोबांचंच नाव ठेवलेलं. त्या आजोबांना खुनाबद्दल जन्मठेप होऊन जहाजातून समुद्रापार धाडलं होतं. 'खुन्याचा नातू' हे ऐकून घेतच आजोबा म्हातारे झाले. ते डोळे मिटायच्या आत हा डाग पुसायचा, एवढंच आत्यानं मनाशी धरलं होतं.

जुन्या कागदांच्या दफ्तरखान्यात तिनं खेटे घातले. तिथला कारकून पहिल्याच दिवशी म्हणाला, "कैद्यांची नावं मनात वाचा, बाई. मोठ्यानं नको."

"का? झोपमोड होते त्यांची?" आत्या हसली.

तो हसला नाही.

एका दुपारी खटल्याचा निकाल हाती लागला. त्याला जोडलेला सुटकेचा हुकूमही... खरा खुनी सापडला होता. पण तोवर जहाज निघून गेलेलं. जहाजाच्या यादीत चढताना आत्याचे पणजोबा हजर. उतरतानाचा रकाना कोरा.

आत्याला भरून आलं. आणि जन्मभराच्या सवयीनं, वर्गात पुकारावं तसं, तिनं यादीतलं त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं.

कपाटांमागे साखळी सरकली...

मग सगळं शांत. कारकुनानं मान खाली घातली.

हुकमाची नक्कल घेऊन ती धावत घरी आली, आजोबांना सांगायला. दार उघडलं, तर आतून आवाज...

"हजर."

मुका माणूस बोलला होता. तिनं रडत रडत मला फोन केला. मी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आजोबांचं तोंड पुन्हा आपोआप उघडलं. "हजर." डोळे मात्र आमच्याकडे बघून नाही, नाही म्हणत होते.

आत्यानं पांघरूण सारलं. घोट्यांभोवती कातडी सोलवटलेली... बेड्या घासल्यासारखी. ते पाय तर कधीचेच जमिनीला लागले नव्हते.

डॉक्टर झाले, मलमं झाली. कारकून म्हणाला, "हुकूम वाचून बघा. दुसरं काय सांगू?"

आत्या रोज खाटेशी बसून वाचायची. "कैद्यास मुक्त करावे."

उत्तर तेच यायचं. आम्ही हात टेकले.

महिनाभरात आजोबा गेले. लोक म्हणाले, सुटले बिचारे. आम्हीही तेच धरून बसलो.

आत्या अजून हुकूम वाचते, रिकाम्या खाटेसमोर. मी तिला वेड्यात काढायचो. परवा तिच्याशेजारी बसलो होतो. तिनं वाचून कागद मिटला...

"हजर."

आवाज आजोबांचा होता.

तेव्हापासून कुणी मागून माझं नाव घेतलं, तर मी ओ देत नाही.