ब्रिटाचं एक मत

"मत मागायला आलात, की आसरा?" दार उघडत त्यानं विचारलं.

गारांच्या पावसात ब्रिटा नखशिखांत भिजली होती. हातातल्या पत्रकांचा पार लगदा झाला होता.

"दोन्ही! न्यायाधीशाची जागा रिकामी झाली, तर ती राज्यपालांनी नाही, लोकांनी मतदानानं भरावी. येत्या मतदानात तसा प्रस्ताव आहे, त्याला 'हो' म्हणा."

"आणि इथल्या रिकाम्या जागेवर राज्यपाल ज्याला नेमणार आहेत, तो वकील मीच असलो तर...?"

ब्रिटाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो मात्र हसत टॉवेल घेऊन आला. त्याचं नाव कॉर्विन.

पुढच्या शनिवारपासून तो तिच्या प्रचाराला सोबत येऊ लागला. होऊ घातलेल्या न्यायाधीशानं राजकारणात पडायचं नसतं, म्हणून प्रत्येक दारात तो लोकरीची टोपी कानांवर ओढून घ्यायचा. लोक हसायचे, आणि हसता हसता ब्रिटाचं ऐकायचे. मागचे न्यायाधीश राज्यपालांचे शाळूसोबती. त्यांना इथल्या माणसांची नावंसुद्धा धड घेता येत नसत. ब्रिटा बोलायची ते पोटतिडकीनं.

एके सकाळी तिच्या बेकरीत कॉर्विननं रूबार्बच्या आंबटगोड पाय-पेस्ट्रीचा तुकडा नुसताच चिवडला.

"राज्यपाल मतदानाच्या निकालासाठी थांबलेत. नेमणूक झाली, तर... इथंच घर बघीन म्हणतो. तुला बेकरी सोडायला नको, अंथरुणावरच्या वडिलांना सोडायला नको."

"आणि नाही झाली तर? उभा राहा की निवडणुकीला!"

"निवडणूक पुढच्या वर्षी. माझी इथली नोकरी नाताळपर्यंत. शिवाय मला इथं ओळखतं कोण... तुझ्याशिवाय?"

ब्रिटानं त्याच्या बोटांवर बोटं ठेवली. तिला रडू येत होतं. दारोदार जाऊन आपण कुणाला घालवायला निघालो होतो, हे तिला आत्ता कळत होतं.

घरी आलेल्या मतपत्रिकेवर तिनं 'नाही'चा गोल काळा केला. पण गावाला दिलेला शब्द परत कसा घ्यायचा? आणि तो खोटा तरी कुठं होता? तिनं पाकीट चिकटवून टपालात टाकलं.

प्रस्ताव दणदणीत मतांनी मंजूर झाला. लोक बेकरीत येऊन तिला मिठ्या मारून गेले.

नाताळाच्या आधी कॉर्विनची गाडी राजधानीच्या वाटेला लागायला उभी होती.

"अभिनंदन करायचं राहिलं," तो म्हणाला. "पक्की पुढारी आहेस."

"कॉर्विन, मी... मी 'नाही' म्हटलं होतं. सगळ्या गावाला 'हो' म्हणायला लावलं, आणि मी एकटीनं... माझं तुझ्यावर प्रेम आहे रे."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं तिच्या कपाळावर ओठ टेकवले. मग हळूच टोपी कानांवर ओढली.

"मी काहीच ऐकलं नाही," तो कसाबसा म्हणाला. "ऐकलं असतं तर गाडीत बसणं जमलं नसतं मला."