निळी लाट, रिकामं दार

"निळा! निळा लागला! थांबा, मी उघडते दार!"

सुट्टीला येऊन अजून धड बॅगाही उघडल्या नव्हत्या. टिटवीने हातातलं बिस्कीट तोंडात कोंबलं आणि दाराकडे धूम ठोकली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे तो जायचा, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत. आणि टिटवीला टिटवी का म्हणत, ते तिने तोंड उघडलं की कोणालाही आपोआप कळायचं.

दार उघडलं, तर जिना रिकामा. खालपर्यंत चिटपाखरू नाही.

"कोणीच नाही!"

आत्या आपल्या टेबलाशी बसून एका जुन्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होती. ती जागची हललीसुद्धा नाही. टिटवीचा चेहरा बघूनच तिला कळलं.

"नसणारच," ती म्हणाली. "हल्ली हे रोजचंच झालंय."

आत्याला ऐकू येत नसे. मोठ्या आजारपणात तिचे कान गेले होते. पण समोर उभं राहून बोललं की ती ओठ वाचायची, आणि उत्तर असं टोलवायची की बोलणाराच गप्प व्हायचा. वरच्या मजल्यावर ती एकटी राहायची आणि फाटकी पुस्तकं नव्यासारखी बांधून द्यायची. खालच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलांचा काका, राहायचा.

आणि काकाने आपल्या ताईसाठी काय घर करून दिलं होतं! टिटवीला तर ते घर म्हणजे जादूच वाटायचं. छताच्या कडेने दिव्यांची बारीक पट्टी सगळ्या खोल्यांतून फिरवलेली. दारावरची बेल दाबली की त्या पट्टीतून निळ्या उजेडाची लाट सळसळत जायची, थेट स्वयंपाकघरापर्यंत. कुकरची शिट्टी झाली की केशरी. फोन आला की हिरवा, तोही असा मंद लुकलुकणारा, जणू कोणी हळूच खांद्यावर हात ठेवावा. ऊन कामाच्या कागदावर आलं की पडदा आपला आपण अर्धा सरकायचा. ऐकू येणाऱ्यांच्या घरात नुसते आवाज असतात, आत्याच्या घरात मात्र आवाजांना रंग होते!

पण आता कोपऱ्यात खोके रचून ठेवले होते.

"हे कशाला, आत्या?" शेपटाने विचारलं.

आत्याने बँडेज बांधलेला पाय पुढे केला. "निळा दिवा लागला म्हणून घाईघाईने उठले, जिन्यात घसरले. दारात कोणी नव्हतंच. आता तुझा काका म्हणतो, एकटं राहणं बास. मी खाली त्यांच्याकडे जायचं, आणि ही जागा भाड्याने द्यायची."

"आणि ते?" टिटवीने भिंतीजवळच्या लोखंडी दाबयंत्राकडे बोट दाखवलं. पुस्तकं बांधून झाली की त्यात दाबून ठेवायची. त्याचं मोठं चाक फिरवायला मिळावं म्हणून तर दोघं दर सुट्टीत भांडायची!

"त्याला खाली जागा कुठली? उद्या दुपारी छापखानेवाले टेम्पो घेऊन येतील, घेऊन जातील." आत्या पुन्हा खळ लावू लागली. पण कुंचला त्याच जागेवरून फिरत राहिला.

संध्याकाळी काका वर आला. अंगाला पावडरचा वास, खांद्यावर दुपटं. "झोपला एकदाचा गुंड्या!" त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. गुंड्या म्हणजे काकाचं धाकटं रत्न. नुकतं रांगायला लागलं होतं.

"काका, निळा दिवा उगाच लागतो! आम्ही बघितलं!" टिटवी म्हणाली.

"मी इथे असताना कधी लागला? रोज संध्याकाळी येऊन बसतो मी. एकदा तरी लागावा!"

"पण आम्ही—"

"तू मागच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीत मगर बघितली होतीस."

"तो पाइपचा तुकडा होता, पण मगरीसारखाच दिसत होता!"

काका हसला. मग आत्याकडे पाठ करून मुलांना हळूच म्हणाला, "अरे, दिवे चांगले आहेत रे. ताईलाच भास होतात. एकटी राहून राहून होतं माणसाला असं."

समोर खिडकी होती. बाहेर अंधारून आलं होतं, आणि काचेत काकाचा चेहरा आरशातल्यासारखा स्वच्छ दिसत होता. टिटवीने आत्याकडे पाहिलं. आत्याची नजर काचेवर होती. तिने सगळं वाचलं होतं.

तिने नुसतं खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

टिटवी मनात म्हणाली, 'भास म्हणे! उद्या दाखवतेच!'

सकाळी नाश्ता होतो न होतो तोच तिने प्रोफेसरला वर खेचून आणलं. प्रोफेसर म्हणजे काकाचा थोरला मुलगा. त्याला चष्मा होता, आणि कुठलीही वस्तू हातात आली की ती उघडून बघायची खोड होती.

"कोणीतरी बेल दाबून पळत असेल," तो म्हणाला. "शेपटा, जिन्याखाली लपून बस. कोणी आलं की पकड."

"आणि तो मोठा असला तर?"

"तर पाय पकड!"

शेपूट लपून बसलं. थोड्या वेळाने छतावरून निळी लाट सळसळत गेली. आत्याने नुसते खांदे उडवले. टिटवीने दारातून ओरडून विचारलं, "कोण होतं रे?"

"मुंगीसुद्धा नाही!"

"मग बेलच बिघडली असणार," प्रोफेसर म्हणाला. त्याने बाहेरचं बेलचं बटण खोललं, आतला चपटा सेल काढून खिशात टाकला. "आता ही बेल म्हणजे नुसता डबा. आता कसा लागतो बघू निळा!"

तिघंही छताकडे टक लावून बसली. मान दुखायला लागली. आणि अचानक, सर्रकन, निळी लाट!

"आईशप्पथ!" प्रोफेसरचा चष्मा नाकावर घसरला. "म्हणजे कुठेतरी आणखी एक बटण आहे! आणि तेही जवळच. याला वायर नसते, पण फार लांबूनही चालत नाही."

तिघं धडाधड जिना उतरून काकाकडे गेली. काका फोनवर टेम्पोवाल्याला पत्ता सांगत होता.

"बाबा, बेलची बटणं किती होती?"

"पाकिटात दोन होती. एक दारावर लावलं. दुसरं ताईच्या गॅलरीत लावायचं होतं, ते राहूनच गेलं."

"मग ते कुठे आहे?"

"जपून ठेवलंय."

"पण कुठे?"

"अरे, जपून ठेवलंय म्हटलं ना!" काकाने कपाळ चोळलं. "इतकं जपून, की आता आठवत नाही. पळा, मला काम आहे."

त्यांनी कपाटं उपसली, खिळ्यांचा डबा पालथा केला, काकाच्या जुन्या बुटांतही हात घातला. बटण काही मिळेना. टिटवी वैतागून वरच्या गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली काकू गुंड्याला बाबागाडीत बसवून फिरायला निघाली होती. पोरगं गाडीत पाय झाडत होतं, काखेत कापडी हत्ती. ती दोघं कोपऱ्यावरून वळली.

नंतर किती तरी वेळ निळी लाट आलीच नाही. शेपटाला तर पहारा देता देता जांभया येऊ लागल्या. बाबागाडी फाटकातून आत आली, आणि लगेच लाट!

टिटवी ताडकन उठली. "प्रोफेसर! काका वर कधी येतो?"

"गुंड्याला झोपवून."

"आणि गुंड्या झोपला की लाट येत नाही! गुंड्या बाहेर गेला तरी येत नाही! बटण गुंड्याकडे आहे!"

प्रोफेसरने जाऊन बाबागाडीची गादी, टोपी, खालची जाळी सगळं तपासलं. खुळखुळे हलवून पाहिले. काही नाही. एवढ्यात फाटकाशी भोंगा वाजला. टेम्पो ठरल्यापेक्षा लवकर आला होता! काका शिडी घेऊन वर निघाला.

"आधी ती दिव्यांची पट्टी उतरवून घेतो," तो हमालांना म्हणाला. "मग यंत्र न्या."

"पट्टी काढली की संपलंच!" प्रोफेसर कुजबुजला. "मग आपण काय दाखवणार?"

आणि गुंड्या? गुंड्या आतल्या खोलीत गाढ झोपला होता. दारात काकू तोंडावर बोट ठेवून उभी होती. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. कोणी हूं की चूं केलंत तर बघा!"

त्या घरात झोपलेल्या गुंड्याला उठवणं हा सगळ्यात मोठा गुन्हा होता. टिटवीला ते पक्कं ठाऊक होतं. पण काचेतले ते ओठ आणि भांड्यावर ठेवलेलं ते झाकण तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"शेपटा, वर जा. निळा लागला की बोंब ठोक," ती म्हणाली. काकू पाण्याचा तांब्या आणायला वळताच ती आत शिरली, पाळण्याजवळ गेली, आणि देवाने दिलेला गळा मोकळा सोडला. "गुंड्याऽऽऽ!"

गुंड्याने डोळे उघडले. ओठ वाकडे केले. मग भोकाड पसरून त्याने काखेतला हत्ती पाळण्याच्या कठड्यावर धाडकन आपटला.

"निळाऽऽ!" वरून शेपूट किंचाळलं.

धाड! "परत निळाऽऽ!"

धाड! वरून स्क्रू ड्रायव्हर पडल्याचा खणखणाट आला आणि पाठोपाठ काकाचा आवाज, "अरेच्चा! दारात तर कोणीच नाही!"

"टिटवे!" काकू रागाने लालेलाल होऊन आत आली. पण टिटवीने हत्तीचं पोट चाचपलं होतं. कापसात काहीतरी टणक होतं. पोटावर एक छोटासा खिसा होता, त्यात तिने बोट घातलं. आतून निघालं पांढरं, गोल बटण!

काकूचा राग क्षणात दुसरीकडे वळला. गुंड्याला कडेवर घेऊन ती तरातरा वर गेली. मुलं मागे. काका अजून शिडीवरच होता, तोंड उघडं.

"हे काय आहे?" काकूने बटण त्याच्या नाकासमोर धरलं. "हत्तीच्या खिशात! आत सेल असतो याच्या. पोराने तोंडात घातलं असतं तर?"

काका हळूहळू शिडी उतरला. "पट्टी लावत होतो तेव्हा गुंड्या माझ्या कडेवर होता. हात मोकळा नव्हता. म्हटलं, मिनिटभर हत्तीकडे ठेवू..."

"आणि तो हत्ती आपण धुवायलासुद्धा काढू शकत नाही, एवढं घर डोक्यावर घेतो हा!" काकू म्हणाली.

हमाल हसू दाबत उभे होते. काका मात्र हसला नाही. तो आत्याच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला, अगदी समोर, उजेडात.

"ताई, तुला भास होत नव्हते," तो स्वच्छ म्हणाला. "चूक माझी. आणि तुला न विचारता घर रिकामं करायला निघालो, ती त्याहून मोठी. तू सांगशील तसं."

आत्याने आधी हमालांकडे पाहिलं. "यंत्र कुठेही जाणार नाही. फुकट खेप झाली तुमची, चहा घेऊन जा." मग मुलांकडे वळून तिने टिटवीचा गाल ओढला. "माझ्यावर विश्वास ठेवलात, आणि नुसता ठेवून बसला नाहीत. प्रोफेसर, डोकं छान चालवलंस. आणि शेपटा, मला ऐकू आलं नाही, पण तुझी बोंब तुझ्या मानेच्या शिरांवरून दिसली!"

"पोरांनी मला पार उघडं पाडलं," काका कान पकडत म्हणाला. "शाबास रे!"

"अजून एक," आत्याने हात पुढे केला. "या दिव्यांचं सगळं तुझ्या फोनमध्ये आहे ना? माझ्या फोनमध्ये घाल. घर माझं आहे, तर मलाच चालवता आलं पाहिजे."

मग खोके तसेच राहिले आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले. प्रोफेसर शिकवायला लागला, शेपूट मध्येमध्ये बोट घालू लागलं. आत्या एकदा चुकली, दोनदा चुकली, मग तिने सगळ्यांचे हात बाजूला सारले आणि फोनच्या पडद्यावरून स्वतःचं बोट सावकाश फिरवलं.

छताच्या कडेने एक कोवळा गुलाबी रंग उमलत गेला. खोक्यांवर, यंत्राच्या चाकावर, गुंड्याच्या ओल्या गालांवर तो पसरला. गुंड्या रडायचं विसरून वर बघत राहिला.

"हा कोणाचा?" टिटवीने आत्यासमोर येऊन विचारलं. "बेल? कुकर? फोन?"

"कोणाचाच नाही," आत्या म्हणाली. "मला आवडला, म्हणून लावला."