पाऊस आलाय, घर बघायला या

येरमाळ्याच्या थांब्यावर तो गाडीत चढला, तेव्हा त्याच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली विहिरीवरची मोटार होती. जानेवारीची दुपार, गाडी अर्धी रिकामी. शिवकन्या तिकिटाचं मशीन घेऊन त्याच्या सीटपाशी आली ती सरळ त्या पोत्याकडं बघत.

"याचं लगेज लागेल."

"जळालेली मोटार आहे मॅडम. मेलेल्याचंही तिकीट घेता का तुम्ही?"

"मेली तरी वजन तेवढंच भरतं."

"मग थोडं तरी कमी करा."

"एसटीत घासाघीस नसते," ती म्हणाली, आणि तिकीट त्याच्या हातावर ठेवताना तिला उगीचच हसू आलं. त्यानं ते पाहिलं. मग कळंब येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे... बघतोय असं दाखवत होता.

खरं तर त्या दिवसांत शिवकन्येला हसायला सवड नव्हती. कळंब आगारात कंडक्टर म्हणून लागून तिला पाच वर्षं झाली होती. आईला, सिताबाईला, सोनारीहून आणून ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती, आणि पाडव्याच्या आत खोल्या रिकाम्या करा असं मालकानं सांगितलं होतं. पाच वर्षांत ही तिसरी जागा. सिताबाईंचे गुडघे गेलेले. दर वेळी सामान बांधताना त्या काही बोलत नसत, आणि त्यांचं न बोलणंच शिवकन्येला लागायचं. म्हणून तिनं ठरवलं, आता भाड्याचं नको. स्वतःचं घर.

घर बाजार समितीच्या मागच्या वसाहतीत होतं. तीन खोल्या, वर स्लॅब, दारात सीताफळ. मालकीण द्वारकाबाई, एकट्याच. लातूरला लेकीकडं कायमच्या जाणार होत्या, म्हणून विकायचं होतं. रविवारी शिवकन्या घर बघायला गेली. फाटक उघडलं ते मोटारवाल्यानं.

"या मॅडम," तो म्हणाला. "इथं घासाघीस चालते."

त्याचं नाव रणधीर. मोंढ्याच्या रस्त्यावर त्याचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. द्वारकाबाई त्याच्या आत्या. लहानपणी आई गेली तेव्हापासून त्यांनीच त्याला वाढवलं होतं, आणि घर दाखवायचं काम त्यांनी त्याच्यावर सोपवलं होतं.

घर शिवकन्येला बघताक्षणी आवडलं. तेच वाईट झालं. द्वारकाबाईंनी चोवीस लाख सांगितले. शिवकन्येची शिल्लक आणि बँकेचं कर्ज मिळून एकवीस होत होते, त्यातून रजिस्ट्रीचा खर्च वजा केला तर जेमतेम वीस. आणि तिनं आयुष्यात कधी भाव केला नव्हता. तिकिटाचा दर ठरलेला, पगार ठरलेला. भाजीवालीनं सांगितलं तेवढे पैसे ती देऊन यायची. आता एकदम चार लाख कमी कसे म्हणायचे? कोणत्या तोंडानं?

तिच्या गाडीचे ड्रायव्हर बब्रुवानमामा म्हणाले, सतरापासून सुरू कर, म्हणजे एकोणीस-वीसवर येऊन थांबेल. सिताबाई म्हणाल्या, एवढं कमी बोलू नकोस, म्हातारीच्या काळजाला लागंल. सतरा म्हटलं आणि द्वारकाबाईंनी फाटकच लावून घेतलं तर? वीस म्हटलं आणि त्या एकोणीसलाही तयार होत्या असं नंतर कळलं तर? तिकिटं देता देता तिच्या डोक्यात आकडे फिरत राहायचे. एकदा तर तिनं ढोकीच्या प्रवाशाला मुरूडचं तिकीट दिलं.

आकडा ठरत नव्हता, म्हणून ती पुन्हा घर बघायला गेली. मग पुन्हा. एकदा खोल्या मोजायच्या होत्या. टेपचं एक टोक तिनं धरलं, दुसरं रणधीरनं. भिंतीपाशी टोक टेकवून तो म्हणाला, "बारा फूट." ती म्हणाली, "नीट बघा." तो म्हणाला, "नीटच बघतोय." तिनं वर पाहिलं, तर त्याची नजर टेपवर नव्हती. तिनं टोक सोडून दिलं आणि टेप सरकन त्याच्या बोटांवर जाऊन आदळली. त्यानं बोट झटकलं, पण तक्रार केली नाही.

त्या दिवशी त्यानं चहा केला. साखर कमी लागते हे तिनं मागच्या खेपेला सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षात होतं. ओट्याला टेकून चहा पिताना तिला बरं वाटत होतं आणि त्याच वेळी आतून काहीतरी कुरतडत होतं. हा गोड बोलतो तो माझ्याशी, की गिऱ्हाइकाशी? आणि मी हसते ती याला बघून, की चार लाख कमी व्हावेत म्हणून? तिचं तिलाच सांगता येईना.

शेवटी तिनं विचारूनच टाकलं. "तुमच्या आत्या किती कमी करतील?"

रणधीरनं कप ओट्यावर ठेवला.

"हे मला विचारू नका," तो हळू म्हणाला. "मी सांगून टाकीन."

घरी जाईपर्यंत तिचे कान गरम होते. तिनं पुन्हा कधी ते विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी आभाळ भरून आलं. अवकाळी. शिवकन्येची सुट्टी होती. रानात लोकांची ज्वारी काढायला आलेली, सगळे आभाळाकडं बघून काळजी करत होते, आणि तिचा फोन वाजला.

"पाऊस आलाय," रणधीर म्हणाला. "घर बघायचं असल तर आत्ता या."

ती भिजतच गेली. त्यानं तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या वर, कोपऱ्यात, स्लॅबमधून पाणी गळत होतं, आणि त्यानं खाली पातेलं लावलं होतं. टप... टप... दोघं ते ऐकत उभे राहिले. तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं. त्यानं दोरीवरचा टॉवेल काढून पुढं केला.

"हे मला का दाखवलं?"

"उन्हाळ्यात तुम्ही घर घेतलं असतं. मग जूनमध्ये इथं उभं राहून तुम्ही माझ्याबद्दल काय विचार केला असता? ते मला... सोसलं नसतं. आत्याला विचारूनच बोलावलंय. त्या म्हणाल्या, दाखव."

तिनं टॉवेलात तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

गवंड्यानं दुरुस्तीचा एक लाख खर्च सांगितला. म्हणजे शिवकन्येच्या हातात एकोणीसच उरले. बब्रुवानमामांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, आता तर पंधराच म्हण, गळक्या घराला कोण विचारतंय. शिवकन्येला मात्र जेवण जाईना. ज्यानं विश्वासानं गळती दाखवली, तीच गळती पुढं करून त्याच्या आत्याचे पैसे कमी करायचे? त्या पैशांवर त्या बाईचं म्हातारपण जायचं होतं. आणि आकडा जास्त म्हणावा, तर तेवढे पैसे नाहीत; मग घर गेलं तर आईला घेऊन जायचं कुठं?

शनिवारी ती द्वारकाबाईंसमोर बसली. रणधीर दाराशी, जमिनीकडं बघत.

"मावशी, मला सगळे म्हणाले पंधरा म्हण, सतरा म्हण," ती म्हणाली. "मला ते जमत न्हाय. माझ्याकडं वीस आहेत. स्लॅबला एक लागंल. एकोणीस मी देऊ शकते, आणि त्याच्यावर माझ्याकडं काही न्हाय."

द्वारकाबाईंनी तिचा हात हातात घेतला. "खरं बोललीस पोरी. पण मोंढ्यातला एक व्यापारी बावीस म्हणतोय. तो वर मजला चढवणार, त्याला गळतीचं काही न्हाय. दोन दिवस दे मला."

शिवकन्येनं रणधीरकडं पाहिलं. एक शब्द. त्यानं एक शब्द टाकला तर... पण तो मान खाली घालून बसला होता, आणि तिला फाटकापर्यंत सोडायलाही आला नाही.

ते दोन दिवस तिला दोन महिन्यांसारखे गेले. आपल्याला भीती घर जाण्याची आहे, की त्याच्यासोबत तो जाण्याची, हेही तिला कळत नव्हतं. सोमवारी दुपारी फोन आला. द्वारकाबाईंचा. घर बावीसला दिलं होतं. शिवकन्येनं "बरं केलंत मावशी" म्हटलं, ते मनापासून म्हटलं, आणि फोन ठेवून ती स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खोलीमागं जाऊन तोंड धुऊन आली.

सिताबाईंना तिनं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे. दुसरं बघू."

मंगळवार गेला. बुधवारी ड्यूटी संपवून ती आगारातून बाहेर पडली, तर रणधीर समोर उभा. दाढी वाढलेली, हातावर मोटारीचं काळं तेल.

"आता काय दाखवायचं राहिलं?" ती म्हणाली. कडवट बोलायचं तिच्या मनात नव्हतं, पण तसं निघालं.

"काही न्हाय. विकायला आता माझ्याकडं काहीच न्हाय, म्हणून आलो." तो अडखळला. "शनिवारी मी तुमच्या बाजूनं बोललो असतो, तर आत्याचे तीन लाख गेले असते. आत्याच्या बाजूनं बोललो असतो, तर तुम्ही... म्हणून गप्प बसलो. तेव्हापासून मला धड जेवण न्हाय."

रस्त्यावरून ज्वारीच्या कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत दोघं बाजूला उभे राहिले.

"परवापर्यंत मी काहीही बोललो असतो," तो म्हणाला, "तर तुम्हाला वाटलं असतं, घर खपवायला बोलतोय."

"मला तसं वाटायचंच," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि मी हसले, तर तुम्हाला वाटलं असतं, भाव पाडायला हसतेय. म्हणून मी लई वेळा हसू आवरलंय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं आता आवरलं नाही.

खोली फार लांब नव्हती. दोघं चालत गेले, मध्ये हातभर अंतर ठेवून, आणि गल्लीच्या तोंडाशी येईतो ते अंतर वितीवर आलं. तिथं रणधीर थांबला.

"तुमच्या आईंना काय सांगू, कशाला आलो म्हणून?"

"खरं असल ते सांगा."

सिताबाई उंबऱ्यात बसून ज्वारी पाखडत होत्या. शिवकन्येनं त्याचं नाव सांगितलं तसं त्यांनी सूप थांबवलं आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"त्या घराचं काही राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय मावशी. घर गेलं," रणधीर म्हणाला. "मी शिवकन्येसाठी आलोय."

सिताबाईंनी लेकीकडं पाहिलं. शिवकन्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ओढणीचं टोक मुठीत घट्ट. त्यांना जे बघायचं होतं ते त्यांनी बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून त्या हळूहळू उठल्या, सूप बाजूला सारलं आणि उंबऱ्यातून वाट करून दिली.

"मग बाहेर कशाला थांबलाव?" त्या म्हणाल्या. "आत या."